सात दिवसांचं बँड शिबिर : संगीत न येणाऱ्या मदतनिसाने काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातली शाळा, सातवी ते नववीची चाळीस मुलंमुली, मे अखेरीस सात दिवसांचं बँड शिबिर. वाद्यं तीसच : दहा साइड ड्रम, एक मोठा ड्रम, झांजांचे दोन जोड, एक ट्रँगल, आठ बिगुल, आठ बासऱ्या. बँडमास्तर बाहेरून येणार, तेही रोज दोनच तास. उरलेलं सगळं सांभाळायचं गणिताच्या बाईंनी. त्यांना सुरातालातलं काही येत नाही, आणि १५ ऑगस्टला संचलन नि राष्ट्रगीत बँडवर हवंय. ‘सात दिवसांत धून बसेल का?’ असं त्या विचारतात.

बाई, धून बसेल. सातव्या दिवशी पालकांना ऐकवण्याइतकी तर नक्कीच. पण मग शाळा उघडेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात, पुढे प्रवेश, पुस्तकं, पाऊस, आणि ऑगस्ट उजाडतो तेव्हा त्यातलं निम्मं उडालेलं असतं. म्हणून प्रश्न धून बसण्याचा नाहीच. मेच्या कोरड्या हवेत केलेलं ऑगस्टच्या पावसात शिल्लक कसं राहील, हा आहे. धून विसरली तर चार दिवसांत परत येते. पायातली लय, वाद्यांची डागडुजी आणि दुसऱ्याला दाखवू शकतील अशी पाच-सहा मुलं, हे मात्र ऑगस्टमध्ये घाईने उभं करता येत नाही. आणि या तिन्ही कामांना संगीत यावं लागत नाही.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर आहेत. कोकणात असाल तर घामाने हातातून काठ्या निसटतील, विदर्भ-मराठवाड्यात असाल तर नऊनंतर मैदानावर उभं राहवणार नाही, तेव्हा खालच्या वेळा त्या बेताने मागे-पुढे करा. निम्मी मुलं गेल्या वर्षीची असतील तर पहिले दोन दिवस एकातच उरकतील. सगळीच कोरी असतील तर संचलनाचा एक ताल, एक सोपी धून आणि राष्ट्रगीताची सुरुवात, एवढंच धरा. मुख्याध्यापकांनी आणखी दोन धुनांची गळ घातली तरी.

शिबिराच्या आधी दोन दिवस वाद्यांचं कपाट उघडा. हे काम पहिल्या सकाळी ठेवलं तर ती सकाळ गेलीच म्हणून समजा. प्रत्येक ड्रमवर चिकटपट्टी लावून नंबर टाका आणि वहीत त्या नंबरापुढे दोष लिहा : पान (ड्रमवर ताणलेला पडदा) फाटलंय, बोल्ट जाम झालाय, खालची तार तुटलीय, पट्ट्याचा आकडा नाही. पान बदलायचं असेल तर माप ड्रमच्या अंगाचं, बाहेरून बाहेर, इंचात घ्या. वरच्या कडीचं माप देऊन पान मागवलं की ते मोठं येतं, हा नेहमीचा घोटाळा. पान बसवल्यावर बोल्ट ओळीने आवळत जाऊ नका. एक आवळला की त्याच्या समोरचा, मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा, आणि दर वेळी पाव फेराच. शेवटी कडेपासून दोनेक इंच आत, प्रत्येक बोल्टसमोर काठीने हलकं टिचकून बघा. सगळीकडे सारखाच आवाज आला पाहिजे. एका जागी ढब्ब आला तर तिथला बोल्ट सैल आहे. खालचं पान पातळ असतं, ते वरच्यापेक्षा थोडं चढं ठेवतात. तार इतकीच ताणायची की टिपरी मारल्यावर ‘चर्र’ स्वच्छ येईल. जास्त ताणली तर आवाज कोंडतो, आणि मुलं तो काढायला जोर लावतात.

पानं चामड्याची आहेत की फायबरची, हेही लिहून ठेवा. चामडं उन्हाने ताणतं, दमट हवेत सैल पडतं. मेमध्ये टणटणीत लावलेला चामड्याचा ड्रम उन्हात ठेवला तर पान फाटू शकतं, आणि तोच ड्रम ऑगस्टच्या झडीत बसका वाजतो. संचलन १५ ऑगस्टचं असेल तर पैसे आधी फायबरच्या पानांवर घाला, नव्या गणवेशाच्या झालरी नंतर. दहा ड्रमना काठ्यांच्या चौदा जोड्या तरी हव्यात. पहिल्या तीन दिवसांत दोन-तीन मोडतातच.

बिगुलाचा माउथपीस प्रत्येक मुलाला वेगळा. आठ बिगुल असतील आणि बारा मुलं फुंकणार असतील तर बारा माउथपीस, नावाची पट्टी लावलेले. रोज शेवटी कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवायचे नि कोरडे करायचे. माउथपीस बिगुलात अडकला तर पक्कड लावायला जाऊ नका, नळी पिळवटते. वाद्यदुरुस्तीवाल्याकडे माउथपीस काढायचं साधन असतं, त्याच्याकडे द्या. सगळे बिगुल एकाच पट्टीचे आहेत ना, तेही बँडमास्तरांकडून आधीच तपासून घ्या. बाजारात बरेचसे काळी पाचचे (पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीचे) मिळतात, पण देणगीत आलेला एखादा वेगळा निघतो आणि मग आठवडाभर कुणाला कळत नाही की नेमकं खटकतंय काय.

आता बँडशी संबंध नसलेल्या पण शिबिर बुडवणाऱ्या दोन गोष्टी. सुट्टीत स्वच्छतागृहांना कुलूप असतं आणि वरची टाकी रिकामी असते. शिपायाकडून किल्ली आणि टाकी भरण्याची वेळ आदल्या दिवशी पक्की करा, नाहीतर मुली दुसऱ्या दिवसापासून पाणी पिणं टाळतात आणि उन्हात तेच बाधतं. दुसरं पाणी. चाळीस मुलांना सकाळच्या तीन-साडेतीन तासांत प्रत्येकी लिटर-सव्वा लिटर धरलं तर ४० ते ५० लिटर होतं. वीस लिटरचे दोन जार पुरत नाहीत, तीन सांगा. ‘तहान लागली की प्या’ असं सांगून भागत नाही, दर वीस मिनिटांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना अर्धा-अर्धा पेला प्यायला लावा. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं, पेल्यात अख्खं ओतायचं नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे यांना सावली, आराम आणि पाणी पुरतं. पण मूल असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, अंग भाजू लागलं, तर अंगावर भराभर पाणी ओतत, वारा घालत १०८ ला फोन. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

वेळ साधारण अशी लावा. साडेसहाला हजेरी. पावणेसात ते साडेसात वाद्यांशिवाय कवायत, जमीन थंड असते तोवर. मग पाणी. पावणेआठ ते पावणेदहा सावलीत गटवार वादन, आणि बँडमास्तरांना याच दोन तासांसाठी बोलवा. त्यानंतर पुसणं, धुणं, मोजून कपाटात ठेवणं, शेंगदाणा-गूळ किंवा केळं, आणि सव्वादहाला घरी. दुपार ठेवू नका. संध्याकाळचा तास हवाच वाटला तर साडेपाचनंतर, आणि तोही फक्त ड्रमवाल्यांचा. ओठांना दिवसातून दुसरी पाळी सोसत नाही.

बँडमास्तरांचे दोन तास कुठे घालवायचे, हा या आठवड्यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. बहुतेक शाळांत ते ड्रमवर जातात, कारण गोंगाट तिथे जास्त. ते उलट करा. सुराची चूक पकडायला कान लागतो, म्हणून मास्तर बासरी आणि बिगुलाकडे. ड्रमची ठोक्यांची शिस्त तुम्ही मोबाइलवरच्या मेट्रोनोमने, म्हणजे ठरवलेल्या लयीत टिकटिक करणाऱ्या अ‍ॅपने, घेऊ शकता. मास्तरांनी सुरुवातीला वीस मिनिटं काठी धरणं आणि त्या दिवसाचा ठोका दाखवायचा, पुढे तुमची पाळी. ड्रम सुरुवातीला द्यायचेच नाहीत. फळीच्या तुकड्यावर सायकलच्या टायरची ट्यूब ताणून खिळवली की सरावाची पाटी तयार. टिपरी उडते, आवाज होत नाही, शेजारचे भांडायला येत नाहीत आणि वाद्यं कमी असल्याचा प्रश्नही मिटतो. पत्र्याच्या सभागृहात दहा खरे ड्रम एकदम वाजवून घेऊ नका. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो आवाज कानांना जास्तच आहे.

पहिल्या दिवशी वाद्यं वाटू नका. सगळ्या चाळीस जणांना, बासरीवाल्यांनाही, कदमताल आणि टाळ्या. मेट्रोनोम ९० वर, म्हणजे मिनिटाला ९० ठोके. पहिला ठोका डाव्या पायावर, हे इतकं भिनलं पाहिजे की नंतर विचार करावा लागू नये. सैनिकी तेज चाल मिनिटाला १२० पावलांची आणि पाऊल ३० इंची असते. तेरा-चौदा वर्षांची मुलं ड्रम अडकवून ते पाऊल टाकायला गेली की उड्या मारल्यासारखी दिसतात. पाऊल २४ इंचांचं आणि लय ११० च्या आसपास ठेवली तर रांग बरी राहते. मैदानावर चुन्याने २४ इंचांवर आडव्या रेघा मारा आणि त्यावर चालवा, दोन दिवसांत पाय आपोआप बसतो.

याच दिवशी मोठ्या ड्रमवाला निवडायचा. सवयीने वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा निवडला जातो आणि वर्षभर बँड पळत राहतो. मेट्रोनोम ११० वर लावा, मुलाला सोबत टाळ्या वाजवू द्या, मग वीस सेकंद आवाज बंद करून पुन्हा चालू करा. आवाज परत आला तेव्हा जो ठोक्यावरच होता, तो किंवा ती तुमची मोठ्या ड्रमची. असे दोघं निवडा, एक राखीव. मग त्यांच्या अंगाकडे बघून ड्रमचं माप ठरवा : २४ इंची असेल तर सातवीतली मुलगीही नेते, २८ इंची गळ्यात अडकवला तर समोरचं काही दिसत नाही. शाळेकडे मोठाच असेल तर पुढच्या रांगेतल्याने खड्डा सांगायचा.

बिगुलाचं थोडं जास्त लिहितो, कारण अपेक्षांचा घोळ इथेच होतो. बिगुलाला बटणं नसतात. ओठांच्या ताणाने त्यातून कामाचे पाचच स्वर निघतात, तेही सा-ग-प याच घराण्यातले : सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि प. त्यात रे नाही, म नाही. म्हणजे बिगुलावर राष्ट्रगीत वाजूच शकत नाही. ते बासऱ्यांचं काम. बिगुलाने सलामीचे संकेत द्यायचे आणि संचलनाच्या तालात भरणा करायचा. कोऱ्या मुलाला आठवड्यात खालचे दोन स्वर स्वच्छ आले, तिसरा अधूनमधून लागला, तर मास्तरांनी उत्तम काम केलं असं समजा. वरच्या प साठी महिने लागतात. फुंकायचं पाच मिनिटं, थांबायचं पाच मिनिटं, आणि पहिले तीन दिवस एकूण वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. गाल फुगवून, माउथपीस ओठांवर दाबून वरचा स्वर काढण्याची मुलांना घाई असते. माउथपीस काढल्यावर ओठावर लाल गोल खोल उमटला असेल तर ते मूल दाबतंय. दातांना तारा असलेल्यांना बासरी किंवा ड्रम द्या. आणि बिगुल उन्हात ठेवू नका : पितळ तापून ओठ भाजतो, शिवाय तापलेलं वाद्य चढं बोलतं.

बासरीवाल्यांना पहिल्या दिवशी गरगरतं. ते दम कमी पडल्यामुळे नसतं, फुंकर जास्त आणि वाया जात असते म्हणून. बसूनच वाजवायला लावा. छिद्रं बोटांच्या टोकांनी झाकतात आणि कडेने हवा सुटते, म्हणून बोटाच्या पेराचा मऊ भाग टेकवायला सांगा. बांबूची बासरी गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत राहिली की चिरते.

झांजा थाळीवर थाळी सपाट आपटल्या की मधे हवा कोंडून ‘फप्प’ होतं. एक किंचित खाली धरून, कडेने घासत उघडायची. पट्ट्याची गाठ रोज बघा, सुटली तर थाळी पुढच्याच्या टाचेवर जाते.

साइड ड्रममध्ये आठवड्याचं खरं उद्दिष्ट म्हणजे दहाही जणांच्या काठ्या सारख्या उंचीवरून पडणं. मऊ वाजवताना सहा इंच, जोरात नऊ. आवाज वाढवायचा म्हटलं की मुलं हात वर नेतात आणि लयही वाढवतात. बँड पळतो तो बहुधा यामुळे. म्हणून जोरातला भाग मेट्रोनोमवर हळू लयीत घ्या. डॅडी-मम्मी, म्हणजे उजव्याचे दोन, डाव्याचे दोन, मिनिटाला ६० पासून सुरू करा. त्याचा सलग रोल, म्हणजे ठोके सुटे न ऐकू येणारा अखंड गडगडाट, सात दिवसांत होत नाही. होतो असं सांगणारे थरथराटाला रोल म्हणतात. ज्यांना साधेल अशा दोघा-तिघांकडेच रोल द्यायचा, बाकीच्यांनी काठ्या खाली धरून उभं राहायचं. ऐकायलाही तेच चांगलं वाटतं. ड्रम डाव्या मांडीवर आपटून काळंनिळं होतं, तिथे जुन्या टॉवेलची घडी बांधा.

चौथा दिवस पडतो. ओठ सुजलेले, बोटांना फोड, आणि धून अजून लागलेली नसते. त्या दिवशी वादन निम्मं करा आणि सगळ्यांकडून धून गाऊन घ्या, ड्रमवाल्यांकडूनही. ज्याला धून तोंडाने येत नाही तो ती वाजवताना मोजतच बसतो. जे बरं वाजवतायत त्यांच्याकडे प्रत्येकी दोन कच्ची मुलं याच दिवशी सोपवा. निवडताना नववीतली टाळा, ती पुढच्या वर्षी दहावीत जाऊन बँडमधून जातात. सातवी-आठवीतली धरलीत तर ती पुढच्या मेमध्येही असतील.

पाचव्या दिवशी सगळे उभ्याने एकत्र, न चालता. सहाव्या दिवशी वाद्यांसह चालणं. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करायला गेलात तर चूक पायाची की हाताची, ते कळत नाही. थांबण्याचा संकेत एकच ठरवा, मोठ्या ड्रमचे दोन जोड ठोके. शिट्टी, हात, ओरडणं, सगळं एकत्र केलं की प्रत्येक जण वेगळ्या ठोक्यावर थांबतो.

तुम्ही गणिताच्या, म्हणून एक हिशेब. बँड पुढे आणि मागे सगळी शाळा चालते, तेव्हा शेवटचे वर्ग हमखास पाय चुकतात आणि ओरडा त्यांना बसतो. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. शेवटचा वर्ग साठ मीटर मागे असेल तर त्याला ठोका पावणेदोन दशांश सेकंद उशिरा पोचतो. ११० च्या लयीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाहून जरासं मोठं, म्हणजे तो वर्ग जवळजवळ एक तृतीयांश पाऊल मागे राहतो, आणि ऐकून बरोबर चालतो म्हणूनच चुकीचा दिसतो. बँड मैदानाच्या मधोमध, सलामीच्या जागेसमोर उभा करा आणि वर्ग त्याच्या समोरून जाऊ द्या. बँडलाच चालायचं असेल तर मोठा ड्रम बँडच्या मधल्या रांगेत ठेवा आणि मागच्या वर्गांच्या प्रमुखांना पुढच्याच्या टाचेकडे बघायला सांगा.

राष्ट्रगीताची पूर्ण वेळ अंदाजे ५२ सेकंद. बासऱ्या बसू लागल्या की घड्याळ लावून बघा. शाळांचे बँड बहुधा साठीकडे सरकतात, कारण प्रत्येक ओळीनंतर सगळे एकदम श्वास घेतात. श्वास आळीपाळीने ठरवून द्या. गीताआधी ड्रमचा रोल असतो आणि त्याची रीत केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशात दिलेली आहे : धीम्या चालीतल्या सात पावलांइतका, हळू सुरू होऊन शक्य तेवढा मोठा, मग पुन्हा बारीक पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येणारा. मग एक ठोका शांतता, मग गीत. ती एका ठोक्याची शांतता मुलं खातात. बोटांवर मोजून घ्या.

सातव्या दिवशी पालकांसमोर दहा मिनिटं पुरेत. खरं काम त्यानंतरचं : दोषांची वही पुन्हा काढून प्रत्येक वाद्य तपासा, बिगुल आतून पाणी निथळून वाळवा, बोल्टना तेलाचा थेंब द्या, चामड्याची पानं एखादा फेरा सैल करून ठेवा. सरावाच्या पाट्या मुलांना घरी द्या. शाळा उघडली की आठवड्यातून तीनदा अर्धा तास, आणि पहिले दोन आठवडे नवीन काही नाही.

ऑगस्टसाठी ड्रमवर घालायला प्लास्टिकची आवरणं आणि काठ्यांना पकडीच्या जागी चिकटपट्टी, एवढं जुलैतच करून ठेवा. १४ तारखेला रंगीत तालीम एकदाच, बिगुल अर्ध्या जोरात. १५ ला सकाळी ध्वजारोहणाच्या वीस मिनिटं आधी बासऱ्या नि बिगुल पाच मिनिटं फुंकून गरम करायचे, ड्रम ढगाळ हवेत पुन्हा टिचकून बघायचे, आणि मोठ्या ड्रमवालीच्या कानाशी मोबाइलचा मेट्रोनोम अर्धा मिनिट धरायचा. ११० वर.